लिंबोणीच्या वाट्याचं लोखंड

आत्या, काल दुपारी तू पुन्हा आलीस.

मी लिंबोणीखाली सतरंजी टाकून आडवी झाले होते. डोळा लागतो न लागतो तोच तू स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आलीस. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात कोऱ्या चहाचा कप. माझ्या उशाशी मांडी घालून बसलीस. भाकरीचा तुकडा मोडलास, चहाचा घोट घेतलास, पुन्हा तुकडा, पुन्हा घोट. वरून गळणारं ऊन पिवळं होतं की पानंच पिवळी होती, ते झोपेत उमगत नव्हतं. मी म्हटलं, "आत्या, चहा निवला असन." तू कपात पाहिलंस आणि उरलेला चहा लिंबोणीच्या बुडाशी ओतून दिलास. अगदी हळू, मुळांना चटका बसू नये अशा बेतानं.

जाग आली तेव्हा बुडातली माती खरंच ओली होती. गजूनं सकाळी पाणी सोडलं होतं, दुसरं काही नाही.

मी बी.एस्सी. आहे. रसायनशास्त्र घेऊन झालेली, आपल्या घरातली पहिली पदवीधर, आणि हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते. मेहकरच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवते. माती ओली का होते ते मला कळतं. तरी काल त्या मातीवर तळहात ठेवून मी बराच वेळ बसून राहिले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय पाहून राह्यली वं बीएस्सी? मातीले ताप आला का?"

वैशाली म्हणून तू मला हाक मारायचीस ती माझा निकाल लागेपर्यंत. त्यानंतर मी बीएस्सी. भांडण असलं की बीएस्सीबाई.

तू जाऊन महिना होत आला. घरात मी आणि गजू असे दोघंच बहीणभाऊ, आणि आम्ही दोघंही अजून तुझ्या खाटेवर बसत नाही. गजू शेतातून येतो, हातपाय धुतो आणि सवयीनं चुलीवर दोन माणसांचा चहा टाकतो, त्याचा आणि तुझा. मी जेवणासोबत चहा पीत नाही हे त्याला माहीत आहे. तुझा कप तसाच निवतो.

तुझा थकवा कधी सुरू झाला ते नक्की सांगता येत नाही. वांग्याच्या वाफ्यात खुरपं घेऊन बसलेली तू मधेच उठून बांधाला टेकायला लागलीस. अंगठ्याशेजारची दोन बोटं सकाळी मिटेनाशी झाली. अंगाचा रंग पालटला. उन्हानं रापलेली कातडी आपण जन्मभर पाहतो, ही तशी नव्हती. जुन्या तांब्याच्या हंड्यावर धूर बसावा, तशी होती. आणि आपल्याकडं बाईमाणूस थकलं की निदान करायला डॉक्टर लागत नाही, ते ओट्यावरच होतं. "रक्त कमी झालं."

मग साऱ्या गल्लीनं तुला प्रेमानं लोखंड चारलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. शेजारच्या शांताकाकूंनी गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणले. कुणी खजूर दिला, कुणी बीट. अंबाडीची भाजी लोखंडी कढईतच शिजली पाहिजे, आणि कढईत राहून काळी पडली तर आणखी गुणाची. वरून लिंबू पिळायचं, तुझ्याच झाडाचं. एका वैद्यानं मंडूर भस्माच्या पुड्या बांधून दिल्या. मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना गंज, शुद्ध करून भाजलेला. ज्याला खरोखर रक्ताची कमी आहे त्याला या सगळ्याचा गुण येतही असेल. तुझ्या अंगात लोखंड आधीच काठोकाठ होतं, आणि आम्ही वरून ओतत होतो. तू खात होतीस, कारण वाटी घेऊन आलेल्या बाईला रिकाम्या तोंडानं परत पाठवणं तुला कधी जमलं नाही.

शेवटी मी तुला संभाजीनगरला नेलं. तिथल्या डॉक्टरबाई माझ्याहून लहान असतील. त्यांनी रिपोर्ट उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "आजी, तुमच्या अंगात लोह कमी नाही. खूप जास्त आहे. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडं नसते. ते लिव्हरमध्ये साठतं, सांध्यांत साठतं, हृदयात साठतं. हा आजार घराण्यातून येतो."

तू विचारलंस, "म्हंजे मी आतून गंजून राह्यलो?"

त्या हसल्या. "तसंच समजा."

आजाराचं नाव हिमोक्रोमॅटोसिस. मी ते तिथल्या तिथं पाठ केलं. तू म्हणालीस, "एवढ्या लंब्या नावाचा पाव्हणा मी घरात ठेवत नाही." मग त्यांनी विचारलं की पाळी कधी गेली. तू माझ्याकडं पाहिलंस, मग भिंतीकडं. "लय आधी. पंचविशीबी गाठली नसन." त्यांनी विचारलं, मूलबाळ? तू मान हलवलीस. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "याच आजारानं तसं होऊ शकतं. आता इतक्या वर्षांनी खात्रीनं सांगता यायचं नाही. पण होऊ शकतं."

परतीच्या एस.टी.त तू खिडकीशी बसलीस. जालना मागं गेलं, सिंदखेडराजा आलं, दोन्ही बाजूंना सोयाबीन नुसतं डुलत होतं, आणि तू काचेला डोकं टेकवून त्याच्यावरून कुठंतरी लांब निघून गेली होतीस. वांझ म्हणून ज्यांनी तुला माहेरी आणून सोडलं आणि दुसरी करून आणली, त्या घराच्या अंगणापर्यंत गेली असशील. मी हाक मारली नाही. सुलतानपूर जवळ आलं तेव्हा तू पदर सावरलास आणि म्हणालीस, "त्याहीनं मले धाडलं ते लोखंडापायी. आन् मी देवाले बोल लावत बसलो." मग हसलीस. डोक्यावरचा भारा बांधावर उतरवल्यावर बाई हसते तशी.

ही लिंबोणी तू माहेरी परतल्याच्या वर्षी लावलेली. माझा जन्मही तेव्हा झाला नव्हता. बाबा सांगायचे, तुझ्या ट्रंकेत दोन लुगडी होती आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं हे रोप. सासरचं एवढंच घेऊन आलीस. ज्या बायका तुला डोहाळजेवणाला बोलावत नव्हत्या, त्यांचे डोहाळे याच झाडानं पुरवले. दिवस गेलेली सून परसातल्या कुंपणाशी येऊन उभी राहायची, नजर चुकवायची, आणि तू न विचारता तिच्या ओच्यात लिंबं टाकायचीस. मी लहानपणी पाहिलंय. मला वाटायचं, सगळ्याच आत्या असं करतात.

औषध साधं होतं. हातातून पिशवीभर रक्त काढायचं, ठरावीक दिवसांनी पुन्हा काढायचं. नवीन रक्त करायला शरीर साठवलेलं लोखंड वापरतं, असं करत करत साठा उतरतो. बुलढाण्याच्या दवाखान्यात सोय झाली. गल्लीला हे पटलंच नाही. शांताकाकू म्हणाल्या, "आम्ही लाडू घालून घालून वाढवलं, आन् तुमी नळीनं काढून राह्यले?" तू मात्र पहिल्या दिवशी सुईकडं न पाहता पिशवीकडं पाहत राहिलीस. "लयच लाल हाय वं," एवढंच म्हणालीस. नवल वाटल्यासारखं.

तो पावसाळा आठवतो मला. बस चिखली सोडायची, बुलढाण्याची थंड हवा आत शिरायची, तू शाल ओढून घ्यायचीस आणि परत येताना खिडकीशी गुणगुणायचीस. बोटं मिटायला लागली होती. चेहऱ्यावरचा धूर ओसरत होता. एकदा भंगारवाला गल्लीत ओरडत आला, "लोखंड, पत्रा, भंगार हाय का मावशी?" तू ओट्यावरून म्हणालीस, "हाय ना. हे काय, समोर बसेल हाय. तोल अन् घेऊन जाय." तो बिचारा गोंधळून सायकलशी उभा. गजू हसता हसता कुंपणावर पडला.

मग लिंबोणी पिवळी पडली. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. मी पान हातात घेतलं आणि शाळेत बोलते तसं बोलले. "आत्या, याला लोह कमी पडलं. जमिनीत लोह भरपूर आहे, पण आपली जमीन चुनखडीची, झाडाला ते घेता येत नाही. हिराकस फवारावं लागेल. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार."

गजू म्हणाला, "उद्या मेहकराहून आनतो."

तू पान माझ्या हातातून घेतलंस, उन्हात धरलंस. "घरचं असताना इकतचं कायले?"

मला वाटलं, गंमत करतेस. पुढच्या खेपेला तू पिशवीतून झाकणाचा स्टीलचा डबा काढलास आणि सिस्टरपुढं ठेवलास.

"मावशी, हे काय?"

"माह्या अंगातून काढसान ते याच्यात द्या."

सिस्टरला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती म्हणाली, "नाही देता येत मावशी. नियम आहे. आजाराचं रक्त दुसऱ्याला चढवत नाही आपण, आणि बाहेरही देत नाही."

"मंग काय करता त्याचं?"

"फेकतो."

तू तिच्याकडं पाहतच राहिलीस. "फेकता?"

"म्हणजे, नष्ट करतो. सगळं नीट असतं."

"माहं हाय ते. माह्या लिंबोनीले लागते. पान पाह्य त्याचं, कसं पिवळं पडलं. इकडं मले जास्त झालं, तिकडं त्याले नाही. आन् तुमी मधातल्या मधात फेकून द्याले बसले?"

आजूबाजूची माणसं हसली. मीही ओशाळून हसले. त्या दिवशी तू रक्त दिलंस, पण डबा मांडीवर घेऊन, झाकण उघडून. रिकामाच डबा घेऊन आपण बसमध्ये बसलो आणि चिखलीपर्यंत भांडलो.

"फेकू दे ना आत्या. बरं वाटतंय ना तुला? मग त्या रक्ताचं काय करायचंय आपल्याला?"

"तुले नाही समजनार."

"मला? मी विज्ञान शिकवते!"

"म्हून तं."

थोड्या वेळानं, माझ्याकडं न पाहता, तू म्हणालीस, "घेनारे लय पाह्यले बीएस्सी. घेऊन फेकनारेबी पाह्यले. आता नाही."

तू गेलीस तरी ते भांडण चिखलीच्या स्टँडवर तसंच उभं आहे असं वाटतं. बस पुढं निघून गेली आणि आपण दोघी खाली राहिलो.

त्यानंतर तू सुई सोडलीस. पथ्य मात्र अंगावर व्रतासारखं घेतलंस. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की जेवताना कोरा चहा प्या, चहाचा तुरटपणा अन्नातलं लोह धरून ठेवतो, अंगात कमी शिरू देतो. जेवणात दही असू द्या. लिंबू पिळू नका, त्यानं लोह जास्त मुरतं. टॉनिक नको, भस्म नको, लोखंडी कढई नको. तू आपल्या हातानं लावलेल्या झाडाचं लिंबू आपल्या ताटातून उठवलंस, एकदाही कुरकुर केली नाहीस. कढई उचलून लिंबोणीच्या बुडाशी नेऊन ठेवलीस. "आपल्याले नाही चालत, तुले चालते," असं झाडाला म्हणालीस. पावसाचं पाणी तिच्यात साठायचं, लालसर व्हायचं, आणि तू ते ओंजळीनं मुळांशी सोडायचीस. मी परसात आले की तू पाठमोरी असायचीस आणि त्या पाण्यात आभाळ हलत असायचं.

शांताकाकूंच्या नातीच्या लग्नातली पंगत अजून गावात सांगतात. बुंदी वाढून झाली, वरण झालं, आणि तू वाढप्याला म्हणालीस, "चाहा आन बे एक. कोरा."

"मावशे, चाहा जेवन झाल्यावर."

"माहं जेवन चाहासंगच होते. लोखंड धुवाले लागते."

साऱ्या पंगतीनं माना वळवल्या. समोरचा एक म्हातारा म्हणाला, "हे काय नवं?" तू म्हणालीस, "नवं नाही भाऊ, वडिलार्जित हाय." आणि बुंदीचा घास घेऊन वर चहाचा घोट घेतलास. माझी मान खाली गेली होती, आणि गजूनं शेजारी बसून आपल्यासाठीही एक कप मागवला होता.

कुणीतरी तुला चुंबकाचं कडं दिलं. त्यानं रक्तातलं लोखंड निघतं म्हणे. त्या दिवशी मला मी लहान असतानाची दुपार आठवली. जुन्या रेडिओतला लोहचुंबक सुतळीला बांधून तू आणि मी गल्लीत ओढत फिरायचो, आणि आपल्या मातीतली काळी भुकटी त्याला मिशा फुटाव्या तशी चिकटायची. उल्केचं लोणार इतकं जवळ, इथल्या मातीत असलं पुष्कळ असतं. तू ती भुकटी बोटानं सारखी करायचीस आणि म्हणायचीस, हे आभाळातून पडेल हाय. मी विश्वास ठेवायची. कडं आलं तेव्हा तू ते पोटावर ठेवून मला म्हणालीस, "पाह्य, चिकटते का?"

"आत्या, अंगातलं लोह चुंबकाला लागत नाही."

"मंग तुहं बीएस्सी काय कामाचं?"

मी रागावले. आता वाटतं, तू मला त्या गल्लीत परत बोलावत होतीस, आणि मी धडा शिकवत होते.

मी तुझ्या चहाला नावं ठेवणार नाही. डॉक्टरबाईंचं म्हणणं मी तुला किती वेळा ऐकवलं. पथ्यानं आत येणारं थोडं कमी होतं, साठलेलं बाहेर जात नाही, त्याला सुईच लागते. तू म्हणायचीस, "हाव, उद्या." चहानं तुला मारलं नाही, आत्या. चहानं तुला वाचवलंही नाही. ही दोन्ही वाक्यं मी गावात प्रत्येकाला सांगते, कारण अर्धे लोक एक म्हणतात आणि अर्धे दुसरं.

तुझ्या सांगण्यावरून मी स्वतःची तपासणी केली. माझं लोह बरोबर निघालं. गजूनं केली नाही. बाबा पोट फुगून गेले, साखर वाढून गेले, आणि शेवटच्या वर्षात त्यांची कातडी तुझ्यासारखीच झाली होती. तेव्हा आपल्याला हे नाव ठाऊक नव्हतं. गजूला आता ठाऊक होतं. त्याच्या हाताची तीच दोन बोटं दुखतात हे तो लपवायचा, आणि विचारलं की म्हणायचा, "आत्या करते तेच मी करतो. चाहा पेतो ना." तू सुई सोडलीस, त्यानं ती धरलीच नाही. तुम्ही दोघं समोरासमोर बसून भाकरीबरोबर चहा प्यायचात, आणि मला ते दृश्य गोडही वाटायचं आणि नकोसंही व्हायचं.

तू जायच्या आदल्या दिवशी त्याच्या हातातून खुरपं निसटलं. त्यानं उचललं, पुन्हा निसटलं. तू बांधावरून पाहत होतीस. तिथून उठून माझ्याजवळ आलीस. "त्याले घेऊन जाय."

"तू सांग त्याला. तो तुझं ऐकतो."

"मी कोन्या तोंडानं सांगू?"

"मग तूही चल. दोघं या."

तू लिंबोणीकडं पाहिलंस. पाहतच राहिलीस. "पाहू," म्हणालीस. माझ्याशी बोललेला तुझा शेवटचा शब्द हाच. पाहू. दुसऱ्या दिवशी दुपारी गजू परसात आला तेव्हा तू झाडाला पाठ टेकून बसलेली होतीस, ताटलीत भाकर, कप कलंडलेला. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा ठोका चुकला. आतलं लोखंड शेवटी तिथं पोचलं होतं. लिंबोणीला बहर आला होता आणि तुझ्या केसांत पांढरी फुलं पडली होती. गजू म्हणाला, त्याला वाटलं तू डुलकी घेतेस, म्हणून तो चप्पल काढून हळू आला.

राख सावडायला गेलो तेव्हा गजूनं घरून ती कढई आणली. बाकी राख नदीला, पण कढईभर त्यानं बाजूला काढली. मी विचारलं, कशाला. म्हणाला, "लिंबोनीले."

आणि मी, आत्या, मी तिथंही बीएस्सीच राहिले. म्हटलं, "गजू, राख खारी असते. आधीच चुनखडीची जमीन. राखेनं झाड आणखी पिवळं पडेल. आत्याचं लोह त्याला लागणार नाही."

"तुले काय माहीत?"

"मला माहीत आहे. तेवढंच तर मला माहीत आहे."

"तिचं हाय ते. तिनं मांगतलं होतं, कोनी देल्लं नाही. आता मी देतो. मरू दे झाड मेलं तं."

तो कढई छातीशी धरून उभा होता, आणि त्याची ती दोन बोटं काठावर नीट वळत नव्हती. बाकीची माणसं नदीकडं निघाली होती. वारा राखेवरून फिरत होता, आणि मला एकदम वाटलं की तू आमच्या दोघांच्या मधे पदर खोचून उभी आहेस आणि वाट पाहतेस, आता बीएस्सी काय म्हणते.

मी म्हटलं, "टाक. मी आडवी येत नाही. वरून मी हिराकस फवारते, झाड मरू देत नाही. पण बदल्यात तू बुलढाण्याला चल."

"हे काय, सौदा व्हय?"

"हो. सौदा."

त्यानं कढईत पाहिलं. "ते फेकतात वं," तो म्हणाला. मोठा माणूस, दाढी वाढलेला, आणि आवाज पार लहानपणीचा. "आत्याचं फेकलं, तसं माहंबी फेकतीन."

"फेकू देत. तू राहशील."

राख आम्ही दोघांनी मिळून घातली, बुडापासून जरा लांब, गोल, शेणखतात कालवून. मी हिराकस फवारलं, थोडं लिंबाचंच पाणी घालून, पानांवर, कारण जमिनीतून त्याला घेता येत नाही आणि पानांवरून येतं. तुझं रसायनशास्त्र आणि माझं, दोन्ही त्याच झाडावर.

गजूचा रिपोर्ट आला. तुझ्यासारखाच. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेत आलात, लिव्हर अजून चांगलं आहे. परवा त्याची पहिली पिशवी काढली. मी शेजारी बसले होते. त्यानं सुईकडं पाहिलं नाही, पिशवीकडंही नाही, खिडकीतून समोरच्या झाडाकडं पाहत राहिला. सिस्टर तीच होती. तिनं सुई काढली, कोपराच्या वळणावर कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितला आणि म्हणाली, "थोड्या वेळानं तिथल्या डब्यात टाका."

गजूनं टाकला नाही. मुठीत धरून ठेवला. बसमध्ये मूठ मिटलेली, चिखलीच्या स्टँडवर मिटलेली, मेहकरला गाडी बदलताना मिटलेली. ती दोन बोटं मात्र अर्धवटच वळलेली; मी त्यांच्याकडं पाहत राहिले.

घरी आल्यावर तो हातपाय न धुताच परसात गेला. बुडातली माती बोटानं उकरली, कापूस आत ठेवला, माती सारखी केली. रुपयाएवढा तांबडा डाग होता, एवढंच. मग चुलीकडं गेला, चहा टाकला, आणि दाराशी येऊन मला म्हणाला,

"आत्याले सांगजो, हे फेकलं नाही."

म्हणून सांगते आहे.